दाजींच्या गाडीचे दोन लाल दिवे

माझी थोरली बहीण अंबडच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. मी नव्या जालन्यात, स्टेशनच्या रस्त्यावर, एका मारवाडी शेठजींच्या कापसाच्या जिनिंगला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये बॅटऱ्या चार्ज करायचो, ट्रकचं वायरिंग करायचो आणि कुणी बोलावलं तर घरात वीजही बसवून द्यायचो. मराठवाडा हैदराबादेतून निघून नुकताच मुंबई राज्यात आला होता, तेव्हाची ही गोष्ट. पुढं मी मोठमोठी कामं केली. तरी आजही कुणी विचारलं की तुमच्या हातचं सगळ्यात चांगलं काम कोणतं, तर मी दाजींच्या मोटारसायकलीचंच नाव घेतो.

दाजी म्हणजे ताईचे यजमान. लढाईच्या काळात ते फौजेत मोटारसायकलवरून निरोप पोचवायचे. परदेशच्या वाळवंटात तोफांच्या आवाजात गाडी चालवली, अंगावर ओरखडा आला नाही. घरी परतले आणि शेतातल्या विहिरीवर मोटेचा नाडा तुटून आपटले. उजवं कोपर मोडलं. हाडवैद्यानं बांधलेलं हाड जुळलं, पण कोपर होतं तिथंच आखडलं. मुठीत जोर होता, बोटं चालत होती. गाडीचं हँडल धरायला हात जेवढा वाकलेला लागतो, नेमका तेवढाच तो वाकून राहिला होता. सरळ मात्र होत नव्हता.

ताईला बाळंतपणासाठी खेड्यापाड्यांतून बोलावणी यायची. बैलगाडीनं जाईपर्यंत कधीकधी उशीर होऊन जायचा, आणि असा उशीर झाला की ती दोन-दोन दिवस धड जेवायची नाही. म्हणून दाजींनी लष्कराच्या लिलावातली एक जुनी मोटारसायकल आणली. तिला साइडकारचा नुसता सांगाडा होता. लोहारानं तो सरळ केला, सुतारानं बाभळीची बैठक केली, वर ताडपत्रीचं छप्पर चढवलं आणि पायाशी ताईच्या औषधांच्या पेटीसाठी खण केला. अशी गाडी आमच्या भागात दुसरी नव्हती. ताई पांढरं लुगडं नेसून तीत बसायची, पेटी पायाशी, आणि रस्त्यावरची माणसं वळून बघायची. आमच्या घराण्यात नोकरी करणारी ती पहिलीच बाई. सुरुवातीला नाकं मुरडणारे भाऊबंदच पुढं त्या गाडीला हात करून विचारायचे, "नर्सबाई, आज कुणाकडं?"

त्या काळी वळायचं असलं की उजवा हात बाहेर काढून दाखवायचा, थांबायचं असलं तरी हातच हलवायचा. दाजींना ते जमत नव्हतं. ताई साइडकारमध्ये डाव्या अंगाला बसलेली, त्यात छपराखाली. तिचा हात मागच्याला दिसायचा नाही. रस्त्यावर गाड्याच कमी, त्यामुळे तसंच निभावत होतं.

मग एकदा शहागडच्या रस्त्याला दाजी उजवीकडे एका वस्तीकडे वळायला लागले आणि त्याच वेळी मागचा ट्रक पुढं काढायला आला. ट्रक हँडलला घासून गेला. गाडी रस्ता सोडून कापसाच्या रानात शिरली. दैवानं कुणाला लागलं नाही. ताई उठली, लुगडं झटकलं, पेटी डोक्यावर घेतली आणि पायीच वस्तीवर गेली. तिथं तिनं आडवं आलेलं मूल सुखरूप बाहेर काढलं आणि मगच स्वतःच्या खरचटलेल्या गुडघ्याकडं बघितलं. हे मला दाजींनी सांगितलं. ती स्वतः कधी बोलली नाही.

पण गोष्ट पोलिसांपर्यंत गेली. औरंगाबादेहून गाड्या तपासायला जालन्याला एक इन्स्पेक्टर यायचे, त्यांनी दाजींना बोलावलं. मीही सोबत गेलो. साहेब वयस्क होते, शांत बोलणारे. त्यांनी दाजींना हात सरळ करायला सांगितलं. दाजींनी जमेल तेवढा केला.

"गाडी तुम्ही चांगली चालवता, त्यात शंका नाही," साहेब म्हणाले. "पण मागच्याला तुमच्या मनातलं कसं कळणार? तुमच्या शेजारी बाईमाणूस बसतं. मी परवानगी देऊ शकत नाही."

दाजी खाली बघत राहिले. ज्या माणसाला मी कधी मान खाली घातलेलं पाहिलं नव्हतं, त्याला तसं बघून माझ्याच तोंडून निघून गेलं, "साहेब, हाताचं काम दिव्यानं केलं तर चालंल का?"

साहेबांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "चालेल. पण मागच्या ड्रायव्हरला काही न सांगता कळलं पाहिजे. पुढच्या खेपेला येईन तेव्हा दाखवा."

बाहेर आल्यावर दाजी म्हणाले, "बोलून तर बसलास. जमंल का?"

"जमंल की," मी म्हणालो. कसं ते मला अजिबात माहीत नव्हतं.

गाडी माझ्या शेडमध्ये आली. ट्रकचे दोन मोठे लाल काचेचे दिवे माझ्याकडं पडून होते. एक मोटारसायकलच्या मागं उजव्या बाजूला बसवला, दुसरा साइडकारच्या मडगार्डवर डाव्या टोकाला. ब्रेकच्या पायडलला स्प्रिंग आणि पितळी पट्टी लावून असं केलं की पाय दाबला की दोन्ही दिवे लागावेत. आता वळणाचं. नुसता एक दिवा लावून भागलं नसतं. तो लुकलुकला तरच लक्ष जातं. शेठजींची एक अमेरिकन मोटार जिनिंगच्या गोदामात बंद पडून होती आणि तिच्यात दिवे लुकलुकवणारी छोटी डबी होती. आतली तार तापली की वीज तुटते, निवली की पुन्हा जुळते, असा तिचा खेळ. मी शेठजींना विचारायला गेलो. कशासाठी हवी ते त्यांनी ऐकून घेतलं.

"घेऊन जा," ते म्हणाले. "ती मोटार आता चिमण्यांची झालीय. आमच्या धाकट्या सुनेच्या वेळंला तुझी बहीणच आल्ती. डबीच काय, पाहिजे तर दारं बी काढून ने."

डबी जोडली. दिवा लागला, पण लुकलुकेना. नुसता जळत राहिला. मी डबी उघडून बघितली, पुन्हा बंद केली, बॅटरी बदलली. शेवटी लक्षात आलं की डबी मोठ्या मोटारीची आहे. माझा बल्ब इतका हलका की डबीतली तार पुरती तापतच नाही. जास्त वॅटचे बल्ब घातले आणि दिवा टिक-टिक करून उघडझाप करायला लागला. शिवाय उजेडही वाढला. मी शेडमध्ये एकटाच होतो, तरी टाळी वाजवली.

दुसऱ्या दिवशी ताईला मागं उभं केलं आणि दाजींना गाडीवर बसवलं. डावीकडचं बटण दाबलं, डावा दिवा लुकलुकला. उजवीकडचं दाबलं, उजवा. मी ताईकडं मोठ्या ऐटीत पाहिलं.

"आता वळताना करतात तसं करा," ती दाजींना म्हणाली. "वळायच्या आधी ब्रेक मारता का न्हाई?"

दाजींनी डावीकडचं बटण चालू ठेवून ब्रेक दाबला. दोन्ही दिवे एकदम पेटले आणि पेटलेलेच राहिले. लुकलुकणं त्या उजेडात बुडून गेलं.

"हे बघ," ताई म्हणाली. "वळतानाच तर ब्रेक मारावा लागतो. म्हणजे नेमकं पाहिजे तेव्हाच तुझा दिवा मुका होऊन राह्यलाय."

मला राग आला, कारण ती बरोबर बोलत होती. आणखी दोन दिवे वाढवावेत तर सहा व्होल्टची म्हातारी बॅटरी ते ओढणार नव्हती. जे काही करायचं ते या दोनच दिव्यांत करायला हवं होतं. मी कागदावर वायरी काढत बसलो आणि कागद फाडत बसलो.

उत्तर सापडलं ते भलत्याच ठिकाणी. एका व्यापाऱ्याच्या दुमजली घरात मी जिन्याच्या दिव्याचं काम करत होतो. जिन्याला खाली एक आणि वर एक बटण असतं आणि दोन्हींकडून दिवा लावता-विझवता येतो. ती बटणं साधी नसतात. साधं बटण वीज जोडतं किंवा तोडतं. जिन्याचं बटण वीज एका वायरीवरून काढून दुसऱ्या वायरीवर देतं. स्क्रूड्रायव्हर हातात तसाच राहिला. म्हणजे प्रत्येक दिव्याला असं एकेक बटण द्यायचं. एरवी दिवा ब्रेकच्या वायरीवर. बटण खाली केलं की तोच दिवा ब्रेकपासून सुटणार आणि डबीच्या वायरीवर जाणार. डावीकडं वळताना ब्रेक दाबला तर उजवा दिवा स्थिर जळेल, थांबतोय म्हणून सांगेल, आणि डावा लुकलुकत राहील. दोन दिवे, दोन कामं, कुणी कुणाच्या आड येणार नाही.

व्यापाऱ्याच्या बायकोनं विचारलं, "काय झालं हो? शॉक बसला का?"

"न्हाई काकी, बरं झालं तुम्ही माडी बांधली," मी म्हणालो. त्या बिचाऱ्या बघतच राहिल्या.

जिन्याला लावतात तसली दोन गोल पितळी बटणं आणून मी शिसवी लाकडाच्या ठोकळ्यावर बसवली आणि ठोकळा पेट्रोलच्या टाकीवर, दाजींच्या डाव्या हाताला. वायरींना रंगीत सुती फिती गुंडाळल्या, प्रत्येक जोड कथिलानं झाळला. फिरवून पाहिली तेव्हा खडकाळ रस्त्यावर साइडकारचा दिवा मधेच मरायला लागला. गाडी आणि साइडकार जिथं जुळतात तिथला गंज वीज परत येऊ देत नव्हता. मी त्या लोखंडाचा भरवसाच सोडला आणि परतीची स्वतंत्र वायर थेट बॅटरीपर्यंत ओढली. त्यानंतर गाडी कितीही आदळली तरी दिव्यानं दगा दिला नाही.

साहेब आले तो दिवस कडक उन्हाचा होता. त्यांनी आधी मागं उभं राहून पाहिलं आणि डोळे बारीक केले. "उन्हात फिकं दिसतंय," ते म्हणाले. मग स्वतःची टोपी काढून त्यांनी दिव्यावर सावली धरली. "असं काही बसवता येईल? आतून काळं करा."

मी वनस्पती तुपाचा रिकामा डबा कापला, दोन टोप्या केल्या, आतून काजळी फासली आणि तिथल्या तिथं बसवल्या. साहेबांनी पुन्हा पाहिलं आणि मान हलवली. मग त्यांनी मला आपल्या जीपमध्ये मागं बसवलं आणि जीपच्या ड्रायव्हरला सांगितलं, "त्या गाडीच्या मागं चल. ती काय करणार ते तू मला सांगायचं."

ड्रायव्हरला बाकी कुणीच काही सांगितलेलं नव्हतं. पुढं दाजी, शेजारी ताई, ताठ बसलेली.

"उजवीकडं वळून राह्यलंय, साहेब," ड्रायव्हर म्हणाला, आणि दाजी उजवीकडं वळले.

"आता थांबायलंय."

स्टेशनजवळच्या चौकात दाजींनी डावीकडचं बटण खाली केलं आणि तेवढ्यात कडब्याची बैलगाडी आडवी आली. दाजींनी करकचून ब्रेक मारला. पुढं उजवा दिवा लालभडक, स्थिर. डावा उघडझाप करतोय.

ड्रायव्हरनं जीप थांबवली. "गाडी आडवी आली म्हणून थांबलंय, साहेब. पण त्याला डावीकडंच जायचं हाय."

बैलगाडी गेली, दाजी डावीकडं वळले. मग साहेब मागं वळून मला म्हणाले, "मलाही एकदा आतून दाखवा, कसं केलंय ते."

जिनिंगच्या आवारात ते पँट वर ओढून गाडीशेजारी उकिडवे बसले आणि मी त्यांना एकेक वायर दाखवली. त्यांनी बटणं स्वतः खालीवर करून पाहिली. कागदावर सही केल्यावर ते ताईला म्हणाले, "बाई, आता निर्धास्त जा."

ताई म्हणाली, "मी आधीबी निर्धास्तच जात होते, साहेब. आता मागचेबी निर्धास्त येतील." साहेब मोठ्यानं हसले. दाजींनी आपला आखडलेला हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

वळण झाल्यावर बटण वर करायला दाजी हमखास विसरायचे. ताई साइडकारमधून त्यांच्या पोटरीवर चापट मारायची आणि ओरडायची, "बटण!" एवढाच एक दोष राहिला, आणि तो वायरिंगचा नव्हता.

पुढं एकदा शहागडला एका ट्रकची बॅटरी बघायला निघालो होतो, दुसऱ्या एका ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून. अंबड सोडल्यावर पुढं साइडकार दिसली. तिचा उजवा दिवा लुकलुकायला लागला तसा आमच्या ड्रायव्हरनं ट्रक हळू केला.

"नर्सबाईची गाडी हाय," तो मला समजावून सांगायला लागला. "ती अशी लुकलुक करती तेव्हा तिला वळू द्यायचं. या रोडवर सगळ्यांना ठावं हाय."

मी गप्प बसायला हवं होतं, पण छाती अशी फुगली होती की राहवलं नाही. "ते दिवे मी बसवलेत," मी म्हणालो. "आणि नर्सबाई माझी सख्खी बहीण हाय."

त्यानं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. पुढं ताईची गाडी वळून धुळीच्या वाटेनं एका वस्तीकडं निघाली होती. वाटेवर एक म्हातारी पदर सावरत तिच्या दिशेनं पळत येत होती.

"मंग माझ्या ट्रकला कधी बसवता?" ड्रायव्हरनं विचारलं.

शहागडला पोचल्यावर आधी त्याच्याच ट्रकची मापं घेतली. ज्याची बॅटरी बघायला आलो होतो, तो तोवर थांबला.