नवे पॉइंट

मार्गशीर्षातली धुई हट्ट्याच्या शिवारावर अशी बसली होती, की केळीच्या बागेत दहा पावलांपलीकडचं झाड दिसत नव्हतं. नुसतं पानांवरून गळणारं दहिवर टपटप ऐकू येत होतं. पेमानं चूळ भरली, तोंडावर पाणी मारलं आणि बिडी न पेटवताच शेडात शिरून खोंडावरचं गोणपाट ओढलं. लोखंडाला घाम फुटल्यागत पाणी सुटलं होतं. त्यानं ते धडप्यानं पुसलं, चाकांत अडकलेली वाळली माती खिळ्यानं उकरली, टाकीच्या बुडाशी साचलेलं पाणी दोन थेंब सोडून दिलं. गेले सात महिने खोंड जागचा हलला नव्हता, पण हे काम एक दिवस चुकलं नव्हतं.

खोंड म्हणजे उत्तमराव देशमुखांचं बागेत चालवायचं लहान ट्रॅक्टर. दोन चाकं, दोन मुठी आणि नाकाशी एंजिन. वर बसायचं नाही, औतामागं चालावं तसं मागं चालायचं. जर्मनची लढाई सुरू व्हायच्या आदल्या साली मालकानं ते हैदराबादेहून आणलं, वसमतच्या ठेसनावरून गाडीत घालून मळ्यात उतरवलं, तेव्हा निम्मं गाव बघायला लोटलं होतं. केळीच्या ओळींतून बैल घातला तर पानं फाटतात, घडाला धक्का लागतो. हे मात्र मधल्या पट्टीतून गवत उपटत सरळ जाई. गावानंच त्याला खोंड नाव ठेवलं. चालवणारा गावात कोणी नव्हता, म्हणून हिंगोलीच्या कापसाच्या जिनिंगातून पेमाला बोलावणं आलं.

पेमा औंढ्याकडच्या एका तांड्यावरचा. आज्यानं बैलांच्या पाठीवर मीठ वाहिलं. बापाच्या वेळेला रेल्वे आली, वाहायला काही उरलं नाही, तेव्हा त्यानं डोंगराच्या कडेला ज्वारी पेरली. पेमा जिनिंगात कोळसा ओढायला गेला. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्र्यानं त्याची बोटं बघितली आणि फावडं काढून घेऊन पाना हातात दिला. मळ्यात आला त्याच वर्षी त्याची बायको नानीबाई पटकीत गेली. लेकरूबाळ नव्हतं. सणाला तांड्यावर गेला तर भाऊबंद म्हणत, हा आता गावचा झाला. आणि हट्ट्यात पारावर टेकला तर कोणीतरी म्हणे, सरका जरा, तांड्यावरचा मिस्त्री आला. मनात वाईट कोणाच्याच नसायचं. पण हळूहळू त्याचं दोन्हीकडचं जाणं आटलं. शेडाच्या कोपऱ्यात बाज, चूल, एक घोंगडी. बोलायचं झालं तर खोंडाशी बोले. 'आज का रुसला रं,' म्हणे आणि दोरी ओढे.

त्या एंजिनाचा जीव मॅग्नेटोच्या डबीत. डबीत दोन पॉइंट, ज्वारीच्या दाण्याएवढे धातूचे टिपके, समोरासमोर. चाक फिरलं की ते मिटायचे, उघडायचे. उघडले त्या क्षणाला आत ठिणगी पडायची. फट किती, तर पोस्टाच्या कार्डाच्या जाडीएवढी. कमी पडली की ठिणगी मरते, जास्त झाली की एंजिन धापा टाकतं. पेमाकडं मापाचं कार्ड होतं. आयुष्यात आलेलं एकुलतं एक पत्र ते, नानीबाई गेली तेव्हा जिनिंगातल्या लोकांनी मास्तराकडून लिहवून पाठवलेलं. मास्तरानं वाचून दाखवलं होतं. नंतर पेमानं त्याची कोरी कड कापून घेतली. फटीत घालायला तेवढी पुरत होती.

लढाईच्या काळात नवे पॉइंट मिळेनात. पेमा जुनेच कानशीनं घासून चालवत राहिला. घासता घासता ते झिजले, काळे पडले आणि वैशाखात एक दिवस खोंड बागेच्या मधोमध जो थांबला तो बैलांनी ओढूनच शेडात आणावा लागला. मालकानं मुंबईला लिहिलं. लढाई संपून दुसरं वर्ष लागलं होतं तरी सामानाचा पत्ता नव्हता. मागल्या आठवड्यात उत्तमरावांनी पेमाला ओट्यासमोर उभं करून सांगितलं, की हिंगोलीचा हरिचंदशेठ पिठाच्या चक्कीसाठी एंजिन शोधून राहिलाय; बुधवारी दुपारी गाडी घेऊन येईल. त्याच्या आत खोंड चालू झाला तर ठेवू, न्हाई तर देऊन टाकू. पेमाला काढणार नव्हते. मळ्यात कामाला काय तोटा, पाणी सोडताना पाटाची दारं धरायला माणूस लागतोच. पेमानं मान हलवली आणि शेडात येऊन बराच वेळ मुठीवर हात ठेवून बसला.

आणि मंगळवारी सांजेला वसमतहून नव्या पॉइंटांची डबी आली.

ती रात्रभर घरात राहिली, कारण उत्तमराव उशिरा परतले होते. सकाळी नर्मदाआक्कानं ती बाहेर आणून पायरीवर ठेवली. नर्मदाबाई ही उत्तमरावांची थोरली बहीण. विसाव्या वर्षी कपाळ पुसून माहेरी आली, तेव्हापासून याच घरातली चूल तिच्याकडं. पेमाची भाकरीही तीच पायरीवर ठेवी आणि 'ठेवली रे' एवढंच म्हणे. आठ वर्षांत दोघांचं बोलणं याच्या पुढं फारसं गेलं नव्हतं. तरी कोरड्यास तिखट झालं असेल तर त्या दिवशी भाकरीवर लोण्याचा गोळा असे.

पेमानं डबी उघडली. नवं सामान येतं ते चिकट कागदात, वंगणात बुडवलेलं. ते पेट्रोलात धुऊनच बसवायचं असतं. पण हे पॉइंट लख्ख पुसून पांढऱ्या चिंधीत गुंडाळलेले होते. त्याला बरं वाटलं. बाटलीत पेट्रोल चार बोटं उरलं होतं आणि ते खोंड सुरू करायला लागणार होतं. मग रॉकेलवर घेता आलं असतं. धुण्यात कशाला घालवा, म्हणून त्यानं पॉइंट तसेच बसवले.

बसवताना एक गोष्ट तो रोजच्यासारखी करत होता, जी कोणाला ठाऊक नव्हती. तो डबीत बघतच नव्हता. दोन वर्षं झाली, जवळचं त्याला धूसर दिसत होतं. स्क्रूची खाच तो नखानं शोधी, फट कार्डाच्या ओढीवरून ओळखी. कार्ड सरकावं, पण किंचित धरल्यासारखं व्हावं. लोण्यातून सुरी काढल्यागत न्हाई आणि चिखलातून पाय काढल्यागतबी न्हाई, असं जिनिंगातला म्हातारा मिस्त्री सांगायचा. बोटं अजून पक्की होती. पण मिस्त्र्याचे डोळे गेले हे एकदा तोंडातून निघालं, की मग एंजिनाचं कुठलंही दुखणं त्याच्याच माथ्यावर, हे त्याला कळत होतं.

कार्ड बराबर धरलं. त्यानं डबी लावली, दोरी गुंडाळली, ओढली. खोंड फुसफुसला आणि गप्प. पुन्हा ओढली. दहादा, वीसदा. धुई विरली, ऊन शेडाच्या उंबऱ्याशी आलं. प्लग काढून घासला. वायरी चाचपल्या. प्लग लोखंडावर धरून डोक्यावर घोंगडी ओढून घेतली, म्हणजे अंधारात ठिणगी दिसेल, आणि चाक फिरवलं. काही नाही. सगळं काळंकुट्ट. ठिणगी पडतच नाही, की पडते आणि आपल्यालाच दिसत नाही, हेही त्याला कळेना. घोंगडीखाली तो तसाच बसून राहिला.

घोंगडी काढली तेव्हा दारात नर्मदाआक्का उभी होती. हातात पाण्याचा तांब्या. शेडाकडं ती कधी फिरकत नसे.

"व्हत न्हाई का रे?"

"न्हाई आक्का."

तिनं तांब्या खाली ठेवला. जायला वळली, पुन्हा थांबली.

"पेमा, लोखंडाला इटाळ होतो का रे?"

त्याला काही उमजलं नाही. तो म्हणाला, लोखंडाला गंज लागतो आक्का, इटाळ कशाचा. ती वळून घराकडं गेली.

माध्यान्हीला हरिचंदशेठची गाडी आली. उत्तमराव त्याला घेऊन शेडाशी आले. शेठ गमत्या माणूस. खोंडाभोवती एक फेरी मारून म्हणाला, "ये बैल तो चारा भी नहीं खाता और काम भी नहीं करता. मालक, असा जावई मी बी पाळला नसता." उत्तमराव हसले, पण पेमाकडं बघून त्यांचं हसू विझलं. जेवून घेऊ म्हणाले. तेवढा वेळ तुला, पेमा.

पेमानं पॉइंट पुन्हा उघडले. आता डोळ्यांवर त्याचा भरवसाच उरला नव्हता. फट चुकली असेल म्हणून त्यानं कार्ड घातलं, ओढून काढलं आणि या वेळी नाकाशी नेलं. वंगणाचा वास यायचा, तिथं हळदीचा वास आला. वसमतच्या मुलखातल्या माणसाला हळदीचा वास सांगावा लागत नाही. तो उठून उन्हात गेला, कार्ड हात लांब करून धरलं. पांढऱ्या कडेवर पिवळट रेघ होती आणि रेघेच्या टोकाला लाल ठिपका.

मग सगळं त्याच्यापुढं उभं राहिलं. घरात नवं लोखंड आलं की ते हळदकुंकू लावल्यावाचून कामाला जुंपत नाहीत. वखराची पास असो, कुदळ असो. ते लावते घरची सवाशीण. पण उत्तमरावांची बायको द्वारकाबाई बाळंतपणाला माहेरी गेलेली. घरात दुसरी बाई नर्मदाआक्का, आणि तिच्या बोटाचं कुंकू चालत नाही. तरी खोंड सुरू व्हावा म्हणून तिनं रात्री देवळीत ठेवलेली डबी उघडली, चिकट कागद काढला, पॉइंटांना हळदकुंकू वाहिलं आणि मग भ्यालीच असणार. तेलाच्या बोटानं ते पुसून काढलं, चिंधीत गुंडाळलं. तेलाचा पदर मात्र टिपक्यांवर तसाच राहिला. त्याच्यातून वीज जायची कशी? आणि आता ती बिचारी चुलीपुढं बसून समजत असेल, की आपल्या हाताचाच गुण लागला.

सकाळी पेट्रोलात धुतले असते तर काही झालं नसतं. पेमानं स्वतःला एक शिवी घातली. बाटलीतले चार थेंब चिंधीवर घेऊन पॉइंट पुसले, फुंकले, कार्ड धुऊन वाळवून पुन्हा फट मोजली. दोरी गुंडाळली. दुसऱ्याच ओढीला खोंड असा डरकला, की केळीतले राघू उडाले.

उत्तमराव न आचवताच उठून आले. मागं शेठ. स्वयंपाकघराच्या दारात आक्का, पदर तोंडाशी. उत्तमरावांनी खोंडाला थोपटलं आणि एंजिन बंद करायला लावून विचारलं, "सकाळपासून काय झालं व्हतं?"

पेमानं दोरी गुंडाळायला घेतली.

"अरे बोल ना. शेठला बी सांगायचंय मला. सामान खराब व्हतं का? कोणी हात लावला व्हता का?"

हो म्हटलं असतं तर संपलं होतं. हात लावला होता, घरातल्याच माणसानं लावला होता. मालक दोन दिवस चिडले असते, गावभर झालं असतं, खोंड शेडात राहिला असता. पेमानं दाराकडं बघितलं नाही. चिंधी मुठीत दाबून ठेवली.

"हात कोण लावतो मालक," तो म्हणाला. "माझीच चूक. डोळ्यानं दिसून न्हाई राहिलं मला. दोन साल झालं. फट हुकली."

उत्तमरावांनी खोंडावरचा हात काढला. रागावले नाहीत. ते रागावले असते तर पेमाला सोपं गेलं असतं. शेठकडं वळून ते हळू आवाजात म्हणाले, की यंत्र चांगलं हाय, माणूसबी चांगला हाय, पण डोळ्यानं अधू झाला, आता दुसरा मिस्त्री आणायचा कुठून, घेऊन जा. शेठनं या वेळी थट्टा केली नाही. पेमाला म्हणाला, चक्कीवर ये, बसून खायला देतो. पेमा नको म्हणाला. मापाचं कार्ड मात्र त्यानं शेठच्या हातात ठेवलं आणि फट कशी मोजायची ते दोनदा सांगितलं. नवे पॉइंट आधी पेट्रोलात धुवा, एवढंही सांगितलं.

चौघांनी फळ्या लावून खोंड गाडीत चढवला. गाडी पांदीला लागली. पेमा शेडात आला, तर मधली जागा रिकामी होती आणि मातीवर चाकांचे दोन वण होते. बाजेवर बसून त्यानं सकाळची राहिलेली बिडी काढली. पेटवली नाही.

आक्का आली. भाकरी पायरीवर ठेवायची सोडून शेडात घेऊन आली होती. खाली ठेवली.

"तुला कळलं व्हतं," ती म्हणाली.

"काय कळायचं आक्का."

"काहून न्हाई सांगितलं?"

पेमानं भाकरीकडं बघितलं. "तुमच्या हातानं न्हाई बंद पडला तो," तो म्हणाला. "तेलानं पडला. सवाशिणीनं लावलं असतं तरीबी पडलाच असता. मी धुवायला पाहिजे व्हतं."

ती उभी होती. तिला आणखी काही बोलायचं होतं, पण आठ वर्षांत तशी सवय लागली नव्हती, त्यालाही नव्हती. भाकरी त्याच्याकडं सरकवून ती म्हणाली, खाऊन घे, थंड होईल. आणि गेली.

त्यानं खाल्लं. विहिरीवर मोट सुरू झाली होती. कण्याची कुरकुर येत होती. मालकांनी आजपासून दारं त्याच्याकडं दिली होती. पेमानं धोतर गुडघ्यावर खोचलं, कोपऱ्यातलं फावडं उचललं आणि बागेत जाऊन पहिल्या पाटाच्या तोंडाशी उभा राहिला. पाणी आलं. चिखलाचं ढेकूळ काढून त्यानं ते पहिल्या ओळीत सोडलं, भरत आल्यावर दार लावलं आणि दुसऱ्या ओळीचं फोडलं.