रोझची जोसेफिन, नंदूची मधुरा

विमानतळाच्या दाराशी बाबांनी मागून हाक मारली, "नंदू, स्वेटर हातातच ठेव." मी वळले. माझा नवरा वळला नाही, कारण त्याच्या लेखी तिथे नंदू नावाचं कोणी नव्हतंच. लग्नात त्याने ताटातल्या तांदळात अंगठीने 'मधुरा' लिहिलं होतं आणि पासपोर्टही त्याच नावाचा निघाला होता. कराडहून दोन गाड्या भरून माणसं पोचवायला आली होती. त्यातली निम्मी मला नंदिनी म्हणून रडत होती, निम्मी मधुरा म्हणून.

नाव बदलायचं कारण अगदी साधं. माझ्या मोठ्या जावेचं नाव नंदिनी. एका घरात दोन नंदिनी म्हणजे नसता घोळ, असं सासूबाई म्हणाल्या आणि ते कोणालाच वावगं वाटलं नाही. आई म्हणाली, "घे अंगवळणी पाडून." बाबा हायस्कूलमध्ये इतिहास शिकवायचे. त्यांनी विषय गमतीवर नेला. म्हणाले, नेपोलियनने तरी दुसरं काय केलं, बायकोचं रोझ नाव बदलून जोसेफिन केलं आणि ती सम्राज्ञी झाली. मांडवात सगळे हसले, मीही हसले.

सम्राज्ञीचं पुढे काय झालं ते बाबांनी त्या दिवशी सांगितलं नाही. मला ते ठाऊक होतं. नेपोलियनच्या लढाया मला कधी पाठ झाल्या नाहीत, पण ही बाई डोक्यात बसली होती. समुद्रापलीकडच्या एका उसाच्या बेटावरची पोर, लग्नासाठी बोटीत बसवून फ्रान्सला धाडलेली. लहानपणी साखर खाऊन दात किडलेले, म्हणून राणी झाल्यावरही ओठ मिटून हसायची. तिने घातले तसे उंच कमरेचे झगे सगळ्या युरोपातल्या बायकांनी शिवून घेतले, तिने लावले म्हणून लोकांनी गुलाब लावले. आणि मूल होईना म्हणून नवऱ्याने तिला सोडलं. आधीच्या लग्नाची दोन मुलं होती हो तिला! पण ऐकतो कोण.

सिडनीच्या टूनगॅबी उपनगरात आलो तेव्हा आमच्या गल्लीत चार घरं तेलुगू, दोन गुजराती आणि आम्ही. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या जॉबला लागले. ऑफिसात मधुराचंही मॅडी झालं, दोन दिवसांत, मला न विचारता. नो वरीज म्हटलं. एवीतेवी तेही नाव माझं नव्हतंच. मग आयव्हीएफच्या फेऱ्या झाल्या, सुया झाल्या, सासूबाईंचे व्हिडिओ कॉल झाले. नवऱ्याने दूर उत्तरेला, डार्विनला गॅस प्रोजेक्टवर नोकरी घेतली. सुरुवातीला महिन्यातून एकदा यायचा, मग सणाला, मग वकिलामार्फत. आता त्याला मुलगी आहे. चांगलं आहे, तिचा काय दोष.

तुम्ही कराडची मंडळी फोनवर विचारता, तिकडे करमतं का? काय सांगू? शेजारच्या वेंटवर्थव्हिलच्या देशी दुकानात कढीलिंब घेताना ओळखीच्या बायका भेटतात, हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही या विचारात पडतात आणि मग मुलांच्या शाळेबद्दल बोलत बसतात. सगळ्या चांगल्या आहेत. घरी येऊन मी कढीलिंब निवडते आणि लक्षात येतं, शुक्रवारी ऑफिस सुटल्यापासून मी एक अख्खं वाक्य बोललेली नाही. तुमच्यातले जे इकडे आलेत त्यांना हे सांगायला नकोच.

आई गेली आणि दोन वर्षांत बाबांचं विसरणं सुरू झालं. दादाने त्यांच्या फोनवर माझा नंबर 'मधुरा सिडनी' म्हणून ठेवला होता. बाबा स्क्रीन बघायचे, मी कोणा मधुराला ओळखत नाही म्हणायचे आणि फोन कापायचे. मला वाटलं, एवढंच ना? दादाला नाव बदलायला लावलं. दिवसभर त्यांच्यापाशी असणाऱ्या शालनमावशींनाही पढवलं, नंदूचा फोन आहे म्हणून सांगा. सांगितलं त्यांनी. बाबांचा चेहरा खुलला. मी म्हटलं, "बाबा, मी नंदू." त्यांनी व्हिडिओवर माझे पांढरे केस पाहिले आणि अदबीने म्हणाले, "नंदू शाळेत गेलीय. संध्याकाळी करा फोन."

त्या दिवशी मी स्वयंपाकघरात खाली बसून रडले. या जगात मला नंदू म्हणणारं एकच माणूस उरलं होतं आणि त्याच्याही घरी मी नव्हते.

पण फोन सोडवेना. मी त्यांच्याच शाळेत होते आणि वर्गात त्यांना बाबा म्हणायचं नाही, असा त्यांचा दंडक होता. पुढच्या रविवारी तेच केलं. म्हटलं, "सर, ती जोसेफिन कोण होती?" बाबा खुर्चीत सरळ बसले. काय खणखणीत आवाज लागला म्हणून सांगू! तेव्हापासून दर रविवारी आमचा तास असतो. शालनमावशींनासुद्धा आता जोसेफिन तोंडपाठ आहे.

एका तासाला ते तिच्या बागेवर आले. पॅरिसच्या थंडीत तिने काचेचं घर बांधलं, शेगड्या पेटवून ते उबदार ठेवलं आणि गरम देशांतली झाडं आत जगवली. ऑस्ट्रेलियाचीही होती, शिवाय कांगारू आणि काळे राजहंस. इकडे माझ्या कुंपणावर वॉटल, म्हणजे इकडची बाभूळ, पिवळाधमक फुलला होता. म्हटलं, "सर, एवढा खटाटोप कशाला?"

"घरची आठवण येत असेल," बाबा म्हणाले. मग चष्मा काढून सदऱ्याला पुसू लागले. मला वाटलं, धागा सुटला. पण ते बोलले, "तिचं खरं नाव रोझ. नवऱ्याने बदललं. माझ्या मुलीचंही बदललं. मी मांडवात विनोद केला. करायला नको होता."

मी फोन जवळ घेतला. मग म्हटलं, "सर, ती रागावलेली नाही."

"तू ओळखतेस नंदूला?"

"हो सर."

"कशी आहे?"

"एकटी असते. पण बरी आहे."

"मग सांग तिला, ये म्हणावं घरी. मी वाट बघतोय."

तिकीट काढलंय. मी दारात उभी राहीन आणि ते मला विचारतील, कोण आपण, हे मला माहीत आहे. मी सर म्हणेन आणि समोर बसेन. घर म्हणजे आता माझ्यापुरती तेवढीच एक खोली, जिथे कोणीतरी माझी वाट बघतंय आणि मी पोचले तरी बघतच राहणार आहे.