भर दुपारचा अंधार

रविवारी चर्चमध्ये आमचे पाळकसाहेब न्यायाच्या दिवसाविषयी सांगत होते. "सूर्य काळा पडेल, तारे गळतील, हे शब्दशः घ्यायचं नाही. एखादं नगर उद्ध्वस्त झालं की बायबलमधले संदेष्टे असं बोलत. तो अलंकार आहे."

पुढच्या बाकावर सुशीलामावशी होत्या. गेल्याच महिन्यात त्यांचा एकुलता मुलगा विहिरीत बुडाला. उपासना संपल्यावर त्या पाळकांना म्हणाल्या, "साहेब, त्याला वर काढला तेव्हा भर दुपार होती. मला काही म्हणजे काही दिसत नव्हतं हो."

मी मावशींना हाताचा आधार दिला. मनात आलं, त्या संदेष्ट्यांनी तरी उपमा कुठे शोधली असेल? जे दिसलं तेच सांगितलं असेल. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. माझा हात घट्ट धरून मावशी एकेक पायरी चाचपडत उतरत होत्या.