मंजुरीत नसलेली खोली

माझ्या वडिलांनी परवानगीशिवाय कधी भिंतीत खिळासुद्धा ठोकला नाही. हे मी कौतुकाने सांगत नाहीये. त्याचा घरातल्या सगळ्यांना त्रास झाला आहे. कोलकात्यात डमडमच्या आमच्या घरासमोर त्यांनी पेरूचं झाड लावलं, तेव्हा नगरपालिकेला तसं लेखी कळवलं. उत्तर आलं नाही, म्हणून स्मरणपत्र पाठवलं. गल्लीतले बाकीचे लोक आपापल्या बाल्कन्या हळूहळू रस्त्यावर आणत होते. आमचं घर मात्र मंजूर नकाशात जेवढं होतं तेवढंच, चारी बाजूंनी नियमाप्रमाणे जागा सोडून, वर्गात हाताची घडी घालून बसलेल्या मुलासारखं बसून होतं.

अपवाद एकच होता, तो आईचा. आमच्या गच्चीवर एक खोली आहे. म्हणजे होती.

बाबा रेल्वेच्या बांधकाम खात्यात होते, इथेच गार्डन रीचला. मध्ये काही वर्षं त्यांची चक्रधरपूरला बदली झाली. आमच्या शाळा होत्या म्हणून आई आम्हाला घेऊन इथेच राहिली. त्या दिवसांत तिला भाजणीचा प्रश्न पडला. कोपऱ्यावरच्या गिरणीत आमची भाजणी मोहरीच्या मागून दळली जायची आणि मग थालीपीठ खाताना आपण नक्की काय खातो आहोत ते कळायचं नाही. आईने माहेरहून एक घरघंटी आणवली. ती ठेवायची कुठे, आणि डाळी भाजल्याचा धूर जायचा कुठे, म्हणून गच्चीच्या मागच्या कोपऱ्यात चार बांबू आणि पत्रे लावून घेतले. पुढच्या वर्षी कमरेइतकी वीट आली. मग वीट वर चढत गेली, खिडकी बसली, मोरी झाली, नळ आला. बाबा कायमचे परतले तेव्हा तिथे चांगली खोली उभी होती.

"वर काय केलंयस?" त्यांनी विचारलं.

"शेड आहे," आई म्हणाली.

रेल्वेच्या भाषेत शेड म्हणजे तात्पुरती गोष्ट, तिला मंजुरी लागत नाही. "बरं," बाबा म्हणाले, आणि विषय संपला. त्यानंतर ते गच्चीवर गेले नाहीत. आधी म्हणायचे धूर सोसत नाही, नंतर म्हणायला लागले गुडघे ऐकत नाहीत.

कोलकात्यात नवीन बदलून आलेल्या मराठी बायकांना कोणीतरी आधी डॉक्टरचा नंबर देतं आणि मग माझ्या आईचा. बँकेतल्या, सरकारी कंपन्यांतल्या, कोणी सॉल्ट लेकहून, कोणी त्याहून लांबून, भाजणीच्या आणि मेतकुटाच्या निमित्ताने त्या खोलीत येऊन बसायच्या. शहराला पोटभर नावं ठेवायच्या, कधी रडायच्या, डबा भरून खाली उतरायच्या. पुढची बदली येईपर्यंत त्याच शहरावाचून त्यांचं पान हलेनासं व्हायचं. आई त्यांना सल्ला देत नसे. ती चाळत बसे आणि त्यांच्याही हातात चाळणी देई.

"सगळ्या कलकत्त्याने माझी खोली बघितली," ती म्हणायची, "एक माणूस सोडून."

ती हे हसून म्हणायची. पण दर दिवाळीला म्हणायची, म्हणून मला ते लक्षात आहे.

गेल्या वर्षी आईचा पाय गच्चीच्या जिन्यावर सटकला. लागलं फारसं नाही. त्या शेवटच्या जिन्याला कठडा नव्हता. मी वरच्या मजल्यावर राहते आणि जिना माझ्या दारावरूनच जातो, तेव्हा मी लोहाराला फोन करायला घेतला. बाबा म्हणाले, थांब, अर्ज करतो.

"बाबा, कठड्यासाठी कोणी अर्ज करत नाही."

"कोणी करत नाही म्हणून आपण करायचा नाही?"

त्यांनी नकाशा स्वतः काढला, पट्टी लावून, कठड्याच्या उंचीसकट. मग नगरपालिकेत जाऊन पोच घेऊन आले.

काही दिवसांनी एक तरुण इंजिनिअर आला. सडपातळ, खांद्याला बॅग, नोकरीत नवाच असावा. बंगालीत मावशीच्या नवऱ्याला मेशोमोशाय म्हणतात, आणि कुठल्याही म्हाताऱ्या माणसालाही. तसंच त्याने बाबांना म्हटलं, "मेशोमोशाय, कठड्याला परवानगी लागत नाही. असा अर्ज आमच्याकडे आजवर आलेला नाही. खरं तर अर्ज करणारा माणूस बघायला आलो."

दुसरा कोणी असता तर चहा पाजून त्याला वाटेला लावलं असतं. बाबा म्हणाले, "आलाच आहात तर माप घ्या."

तो माप घ्यायला जिना चढला. वर गच्चीचं दार उघडं होतं आणि आई चण्याची डाळ भाजत होती. त्या वासाने माणूस जिन्यात थांबणं शक्यच नव्हतं. बऱ्याच वेळाने तो खाली आला, तेव्हा त्याच्या हातात बेसनाचा लाडू होता आणि चेहरा उतरला होता.

"मेशोमोशाय, वरची खोली मंजूर नकाशात नाही."

बाबांनी कठड्याच्या नकाशाची घडी घातली.

"भिंत गच्चीच्या कठडभिंतीवर उभी आहे. खाली तुळई नाही, नुसता छज्जा आहे, आणि त्याच्या खाली गल्ली." त्याने लाडवाकडे पाहिलं. "पण माझं काम जिन्यापर्यंतचं होतं. मी गच्चीवर गेलोच नाही, असं म्हणू शकतो."

मी मनात म्हटलं, देव तुझं भलं करो. बाबा म्हणाले, "पण तुम्ही गेलात."

त्या संध्याकाळी घरात जे झालं ते गल्लीने ऐकलं असणार, पण मराठीत असल्यामुळे अब्रू वाचली.

"जागा आपली, विटा आपल्या, गच्ची आपली," आई म्हणाली. "घर दोघांच्या नावावर आहे. या जमिनीसाठी माझ्या पाटल्या गेल्यात. नगरपालिकेचं यात काय गेलं?"

"तुझी वीट सुटली तर खालून जाणाऱ्याचं डोकं जाईल. ते आपल्या नावावर नाही."

"इतकी वर्षं सुटली नाही!"

"सुटेपर्यंत कुठलीच सुटत नाही."

"तो पोरगा सोडून देत होता ना? तुम्हाला काय सत्यवादीपणाचं बक्षीस मिळणार होतं?"

"अगं, नवी नोकरी आहे त्याची. माझ्यासाठी त्याने खोटा रिपोर्ट लिहायचा?"

"आणि माझं काय?"

बाबांनी पेपर उघडला. आईने बोलणं बंद केलं. म्हणजे बाबांशी. माझ्याशी ती दुप्पट बोलायला लागली. "तुझ्या वडिलांना सांग, चहा झालाय." बाबा समोरच बसलेले असायचे. "तुझ्या आईला सांग, साखर कमी आहे." "सांग, जास्त साखरेला परवानगी मिळाली नाही."

मी सेक्टर फाइव्हमधल्या एका ऑफिसात माणसांचे तंटे सोडवायचं काम करते. तिथे मी दोन्ही बाजू ऐकून मधला रस्ता काढते आणि संध्याकाळी घरी येते. इथे रस्ताच दिसेना, कारण दोघांचंही बरोबर होतं. छज्ज्यावर भिंत बांधू नये हे मला कळत होतं. आणि आईचं आयुष्य त्या भिंतीच्या आत गेलं होतं हेही. नकाशात खोली नाही, एवढ्यावरून तिथे बसून डबे भरून घेतलेल्या बायका खोट्या ठरत नव्हत्या. मी आईला खालच्या मजल्यावर जागा करून देते म्हणाले. ती म्हणाली, "भाड्याने राहिल्यासारखं वाटेल मला."

सुनावणीची नोटीस आली. आईनेही जायचं ठरवलं. "माझ्या खोलीबद्दल दुसरे बोलणार आणि मी घरात बसू?" ठेवणीतली साडी नेसून ती टॅक्सीत माझ्या शेजारी बसली. बाबांना पुढे ड्रायव्हरशेजारी बसवलं.

नगरपालिकेतल्या अधिकारी बाई शांत होत्या. त्यांनी फाइल चाळली आणि विचारलं, बांधकाम कोणी केलं?

"मी," आई तिच्या बाजारातल्या बंगालीत म्हणाली. "यांचा काही संबंध नाही. हे इथे नव्हते."

बाईंनी बाबांकडे पाहिलं. "पण तुम्ही स्वतः बांधकाम खात्यात होतात. परत आल्यावर इतक्या वर्षांत तुम्हाला दिसलं नाही?"

"मी गच्चीवर गेलो नाही."

"स्वतःच्या घराच्या? एकदाही?"

"गेलो असतो तर दिसलं असतं," बाबा म्हणाले. "दिसलं असतं तर पाडावं लागलं असतं."

हे ते इंग्रजीत म्हणाले, ऑफिसात म्हणतात तसं, सरळ, समोर बघत. बाईंनी पेन खाली ठेवलं. तो तरुण इंजिनिअर भिंतीशी उभा होता, तो स्वतःच्या बुटांकडे बघायला लागला.

आई बाबांकडे वळली आणि इतक्या दिवसांनी थेट बोलली, मराठीत. "हे घरी सांगता येत नव्हतं?"

"सांगितलं असतं तर मला माहीत आहे असं झालं असतं."

"आणि मी इतकी वर्षं समजत होते, यांना माझ्या कामाची किंमत नाही."

बाबांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, पुन्हा घातला. बाईंनी मला विचारलं, काय म्हणताहेत? मी म्हटलं, घरचं आहे.

निकाल व्हायचा तोच झाला. पत्रे लोखंडी खांबांवर राहू शकतात, चारी बाजू उघड्या हव्यात, भिंती उतरवायच्या. मुदत दिली. आईने मान डोलावली. मला वाटलं होतं ती भांडेल, पण तिचं लक्ष तिथे नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा गच्चीवर गेले. मी शेजारून चढत होते. त्यांचा एक हात मधल्या काळात बसवलेल्या नव्या कठड्यावर, दुसरा माझ्या खांद्यावर. आई आधीच वर जाऊन बसली होती. तिने खोली झाडून घेतली होती, डबे पुसून ओळीने लावले होते आणि स्टुलावर धुतलेला टॉवेल घातला होता. पाडायच्या खोलीची एवढी तयारी मी कधी पाहिली नाही.

बाबा दारात थांबले. मग आत आले. स्टुलावर बसले नाहीत. एका खिळ्याला दोरा आणि नट बांधून त्यांनी ओळंबा केला आणि भिंतीला लावून पाहिला. एक कोपरा, मग दुसरा. बोटाच्या पेराने विटांवर टकटक केलं. खिडकीची चौकट हाताने चाचपली.

"ओळंब्यात आहे," ते म्हणाले.

माझ्या वडिलांकडून याहून मोठी शाबासकी मी कोणाला मिळालेली ऐकलेली नाही.

"मग पाडताय कशाला?" आई म्हणाली.

"ओळंब्यात आहे, मंजुरीत नाही."

मग ते बाहेर गेले आणि कठडभिंतीवरून वाकून खालच्या छज्ज्याकडे बघत राहिले. बराच वेळ. मी त्यांचा सदरा मागून धरून ठेवला होता. परतले तेव्हा चेहरा वेगळाच होता.

"तडा आहे," ते म्हणाले. "भिंतीच्या बरोबर खाली. जुना दिसतोय."

आई उठून गेली. तिनेही वाकून पाहिलं. खाली गल्लीत समोरच्या घरातली बाई तिच्या नातवाला आंघोळ घालत होती. तो साबणाने माखलेला आणि रडत होता. आई त्याच्याकडे बघत होती की तड्याकडे, मला सांगता येणार नाही.

"मग आधीच यायचं होतं वर," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "तेव्हा पाडली असती तर भांडले असते. पण तुम्ही मला नीट जागी बांधून दिली असती."

"हो," बाबा म्हणाले. "तुळईवर. आतल्या बाजूला. तेव्हा अर्ज केला असता तर मंजूर झाली असती."

मला वाटायचं, बाबांनी न बघणं हीच त्यांची आईवरची माया होती. ती होतीच. पण तिच्या खाली छज्जा चिरत गेला होता, आणि ते त्या सकाळी त्या दोघांना एकदमच कळलं. त्यांच्यात मी काही बोलायची गरज नव्हती. मी चहा आणायला खाली गेले.

भिंती उतरवायला मिस्त्री आला. बाबांनी त्याला वरून एकही वीट खाली टाकू दिली नाही. एकेक काढून गच्चीवर रचून ठेवायला लावली. आई पहिल्या दिवशी खाली येऊन बसली, आणि दुसऱ्या दिवशी वर जाऊन मिस्त्रीला खिडकीची चौकट कशी जपून काढायची ते सांगायला लागली. ती कशासाठी, कोणी विचारलं नाही.

घरघंटी खालच्या हॉलमध्ये आली. बाबांनी स्वतःहून त्यांचं टेबल तिथून हलवलं, पंख्याखालची जागा मोकळी केली. डाळी भाजायच्या असल्या की आई अजून वर जाते, उघड्या शेडमध्ये, आणि वारं आलं की शेगडी विझते म्हणून नगरपालिकेचा उद्धार करते. बायका येतात. मागच्या महिन्यात एक नवी आली, महिनाभरापूर्वीच बदलून आलेली. हॉलच्या सोफ्यावर अवघडून बसली, घरातले पुरुष समोर असल्यासारखी. तिला रडायचं होतं आणि जमेना, हे मला दारातूनच दिसलं. आईलाही दिसलं. वरच्या खोलीत तसं नव्हतं. ते गेलंच, आणि त्याची भरपाई झाली असं मी म्हणणार नाही.

घरघंटीचा आवाज मोठा आहे. ती चालू झाली की बाबा कानातलं यंत्र काढून डबीत ठेवतात आणि तिथेच खुर्चीत बसून राहतात. मी एकदा हाताने खूण करून म्हटलं, आत जाऊन पडा की.

"इथे बरं आहे," ते मोठ्याने म्हणाले, ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं.

त्यांच्या बुटांवर, पेपरवर, चष्म्यावर पीठ साचत जातं. परवा आईने केरसुणी घेतली, त्यांच्या गुडघ्यावर चापट मारली आणि पाय वर घ्यायची खूण केली. त्यांनी पाय वर घेतले. ती खुर्चीखालचं पीठ झाडेपर्यंत ते तसेच पाय अधांतरी धरून बसले होते, आणि ती मुद्दाम सावकाश झाडत होती.