विट्स्केची बिनदांड्याची सायकल

डोक्कुम गावातल्या कालव्यावरचा पूल बोटींसाठी उचलायची नोकरी यॉरिटने एकतीस वर्षं केली. कामावर जायचा तो उंच दांड्याच्या काळ्या सायकलवर, ऐटीत टांग टाकून. निवृत्तीनंतर त्याचा खुबा आखडला. एकदा भरबाजारात पाय दांड्याला अडकला आणि तो सायकलसकट आडवा झाला. हाड मोडलं नाही, पण लाज वाटली ती वाटलीच. सायकल सुटली, हळूहळू घराबाहेर पडणंही.

त्याची बायको विट्स्के दर रविवारी समुद्राच्या बांधापर्यंत सायकलने जायची. निघताना विचारायची, "येतोस? तुलाही माझ्यासारखी घेऊ. दांडाच नाही, तर अडकशील कशाला?"

"लेडीज सायकलवर बसू? पुलावर माझ्या जोडीला होता तो फोल्कर्ट गावभर दात काढेल."

"मग काढू दे की! फोल्कर्टशी लग्न केलंयस का माझ्याशी?"

यॉरिट पेपरात तोंड खुपसायचा. ती एकटीच जायची. अशी तीन वर्षं गेली. पुढच्या वसंतात तिच्या पोटात गाठ निघाली आणि सात आठवड्यांत विट्स्के गेली.

दफनभूमी गावाबाहेर होती. मुलगी आल्के शनिवारी गाडीतून न्यायची. एका मंगळवारी मात्र त्याला राहवेना. त्याने शेडमधून विट्स्केची सायकल काढली. आखडलेला पाय मधल्या मोकळ्या जागेतून अलगद पलीकडे गेला. बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकले. ना उडी, ना झोकांडी.

इतकं सोपं होतं?

वळणापर्यंत गेला आणि त्याला पुढचं दिसेना. उतरून तो रस्त्याकडेला हुंदके देत उभा राहिला. समोरून फोल्कर्ट आला, तोही बिनदांड्याच्याच सायकलवर.

"तू कधीपासून ही चालवतोस?" यॉरिटने डोळे पुसत विचारलं.

"दोन वर्षं झाली. गुडघे गेले ना माझे. विट्स्के म्हणाली नाही तुला? बांधावर भेटायची की. दर वेळी म्हणायची, यॉरिटला आणते एक दिवस."

ती घरी येऊन सांगायला बघायची, ते त्याला आता आठवलं. फोल्कर्टचं नाव निघालं की तोच तोडून टाकायचा, "त्याचं काही सांगू नकोस मला."

"चल, सोबत येतो," फोल्कर्ट म्हणाला.

"नको. आज एकट्यालाच जाऊ दे."

थडग्यापाशी तो तासभर बसला. बोलायचं खूप होतं, तोंडातून एवढंच निघालं, "चुकलो गं."