भोगीच्या सांजेचा अंगठा

माण तालुक्यातल्या एका वाडीत हरणाबाई राहायची. नवरा सिद्धू, जातीनं रामोशी. सरकारनं सगळ्या जातीवरच चोरीचा शिक्का मारलेला, म्हणून बाप्यांना रोज दिवेलागणीला चावडीवर जाऊन हजेरीच्या वहीत अंगठा उठवावा लागायचा. गाव सोडायचं तर पाटलाची चिठ्ठी लागायची.

१९४३ साली ऐन भोगीच्या दिवशी, दिवेलागणीलाच, तिकडं लांब शिरवळला एका व्यापाऱ्याचं दुकान फुटलं. महिन्याभरानं शिपाई आले आणि सिद्धूला बेड्या घालून घेऊन गेले. मॅजिस्ट्रेटपुढं हंबीरराव पाटलानं साक्ष दिली, "त्या दिवशी सिद्धू हजेरीला नव्हता." पाटलाच्या माडीच्या कामावर फुकट राबायला सिद्धूनं नकार दिला होता, त्याचा हा वचपा. वही कुणी मागितलीच नाही. रामोशी म्हटल्यावर पुरावा कशाला लागतोय? दोन वर्षं सक्तमजुरी झाली.

हरणाबाईच्या अंगाची लाही लाही झाली. संक्रांतीला भावाकडं जायची चिठ्ठी मागायला त्या सांजेला ती स्वतः चावडीवर गेली होती. सिद्धूनं तिच्यासमोर अंगठा उठवला होता.

ती पाटलाच्या दारात गेली. "पाटील, भोगीच्या सांजंला त्यो तुमच्याम्होरं हुता. म्या बगितलंय."

"तुझं बगणं कोर्टात चालत न्हाई," पाटील पानाला चुना लावत म्हणाला.

चिठ्ठी न मागताच ती चालत साताऱ्याला गेली. वकिलांनी पायरी चढू दिली नाही. कोर्टाबाहेर अर्ज लिहून देणाऱ्या इलाहीनं तेवढं ऐकून घेतलं.

"ती वही आता कुठं असेल, बाई?"

"म्हैना सरला की दहिवडीच्या ठाण्यात जाती."

इलाहीनं टाक उचलला. "म्हणजे पाटलाच्या हातात नाही."

त्यानं अपील लिहिलं, वही मागवावी म्हणून विनंती केली. ठाण्यानं दोनदा कळवलं, वही सापडत नाही. हरणाबाई ठाण्याच्या दारातच बसली. "घावंस्तवर मी हितनं हालत न्हाई." जज्जाचं तिसरं, कडक पत्र आलं तेव्हा वही सापडली. भोगीच्या तारखेला सिद्धूचा अंगठा होता, खाली पाटलाची सही.

चौदा महिन्यांनी सिद्धू सुटला. खडी फोडून त्याची बोटं मिटत नव्हती. इलाहीनं निकाल वाचून दाखवला, "संशयाचा फायदा देऊन सोडण्यात येत आहे."

"संशय कसला?" हरणाबाई म्हणाली. "ह्यानं चोरी केली न्हाई, आसं कुटं लिवलंय?"

"तसं लिहिलेलं नाही."

"मग दुसरा अर्ज लिवा."

"कायद्यात तशी सोय नाही, बाई."

"नसंना का. लिवा."

इलाहीनं लिहिला. पाटलावर खोट्या साक्षीचा खटला झाला नाही, पाटीलकीही गेली नाही. हरणाबाईनं पुढं आणखी पाच अर्ज धाडले. एकाचंही उत्तर आलं नाही. सिद्धू म्हणायचा, "सोड गं आता."

"तू सोड," ती म्हणायची. "चौदा म्हैनं तुजं गेलं. पर म्या डोळ्यांनी बगितल्यालं त्यांनी खोटं पाडलंय."