मोबाइलमधलं कन्नड

माझ्या मुलीचं लग्न मोडता मोडता राहिलं, आणि मोडणारा मीच होतो.

सायलीनं मुलगा स्वतःच पसंत केलेला. कर्नाटकातल्या अथणीकडचा. त्याच्या आईवडिलांना मराठी उत्तम येतं, मुलगा तर कोल्हापुरातच शिकला. अडचण एकच, त्याचे आजोबा. घरात त्यांना सगळे अज्जा म्हणतात. वय चौऱ्याऐंशी, भाषा फक्त कन्नड आणि शेवटचा शब्द त्यांचा. ते शाहूपुरीत आमच्या घरी येऊन मुलगी बघणार, मगच पुढचं बोलणं.

म्हणून मी आणि बायको सुनंदा, दोघांनी वरच्या मजल्यावरच्या शांताक्कांकडं कन्नडची शिकवणी धरली. त्यांचं माहेर तिकडचंच. रोज संध्याकाळी तासभर, तीन आठवडे. सुनंदानं सायलीची अर्धी कोरी जुनी वही काढली. एकेक शब्द दहा-दहा वेळा लिहायची. कुकरच्या शिट्ट्या होईस्तोवर ओट्यावर वही ठेवून तेच. मी मोबाइलवर टाइप करत होतो. (ऑफिसात तीस वर्षं संगणकापुढं काढलेली. वही घेऊन बसणं कमीपणाचं वाटलं!) डावीकडं शब्द, उजवीकडं अर्थ, मथळ्याला निळा रंग. अक्कांचं वाक्य संपायच्या आत माझं टाइप झालेलं असायचं, आणि डोक्यातनं गेलेलंही. सुनंदा म्हणायची, जरा पाठ करा की. मी म्हणायचो, खिशात आहे ते डोक्यात कशाला?

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी शेवटचा हात फिरवला. शब्द पटकन सापडावेत म्हणून अक्षरक्रमानं लावायचं बटण दाबलं. शब्द शहाण्यासारखे ओळीत उभे राहिले. अर्थ मात्र जिथल्या तिथं. म्हणजे दीडशे शब्द, आणि प्रत्येकासमोर दुसऱ्याच कुणाचा तरी अर्थ. एक जरी शब्द मला येत असता, तर लक्षात आलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी दारात थांबली. मी घाईघाईनं मोबाइलवर 'या' शोधलं. समोर होतं 'होग्री'. हात जोडले आणि तोंडभर हसून म्हणालो, "होग्री अज्जा, होग्री."

एक चप्पल काढलेले अज्जा थांबले. माझ्याकडं नीट बघितलं, चप्पल पुन्हा पायात घातली आणि गाडीकडं चालू लागले. होग्री म्हणजे 'जा'. आतनं सुनंदा "बर्री अज्जा, बर्री" म्हणत धावत आली. बर्री म्हणजे 'या'. अज्जा वळले.

इथंच मी मोबाइल बंद करायला हवा होता. पण वाटलं, दीडशे शब्दांत एखादी चूक व्हायचीच.

अज्जांची जेवणाची वेळ ठरलेली, म्हणून त्यांना एकट्यालाच आधी बसवलं. बाकीची मंडळी गच्चीवर होती. सुनंदा आत पुऱ्या तळत होती, वाढायला मी. बासुंदीची दुसरी वाटी संपवून अज्जा म्हणाले, "साकु." मी हळूच तक्ता बघितला. 'आणखी वाढा.' वाढली. परत "साकु, साकु." परत वाढली. त्यांनी वाटीवर हात ठेवला. मला वाटलं, लाजताहेत, बाजूनं ओतली. ताटात काही टाकायचं नाही, हे त्यांचं वळण, त्यामुळं बिचारे डोळे मिटून पीत होते. पाचव्या वाटीला त्यांचा आवाज असा चढला की सुनंदा झारा हातात घेऊनच बाहेर आली.

"अहो, पुरे म्हणत्यात ते."

त्यानंतर अज्जा आमच्या पलंगावर आडवे झाले ते झालेच. चारला निघायची गाडी सहा वाजले तरी हलेना. मुलाचे वडील गंभीर, सायली माझ्याशी बोलेना. मी कोपऱ्यात स्टुलावर बसून राहिलो. इतका थकवा मला उभ्या नोकरीत आला नव्हता.

सुनंदा ओव्याचं पाणी घेऊन अज्जांजवळ बसली. वही स्वयंपाकघरातच राहिली होती, तरी ती बोलत होती. अडखळत, चुकत, पण कन्नडमधनं. मध्येच अज्जांनी माझ्याकडं बोट करून काहीतरी विचारलं. सुनंदानं एका शब्दात उत्तर दिलं. अज्जा पलंगावर उठून बसले, सायलीला बोलावून तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मी मुलाच्या वडिलांना अर्थ विचारला. ते जरा संकोचले, मग म्हणाले, "अज्जा म्हणाले, पोरगी कुणावर गेलीय, आईवर का बापावर? वहिनी म्हणाल्या, आईवर. मग हरकत नाही म्हणाले."

लग्न ठरलं, तसा मीही शहाणा झालो. नवी वही आणली, शांताक्कांच्या समोर बसून सगळे शब्द पुन्हा हातानं लिहून काढले. आठवड्यानं उजळणीला बसलो तर माझंच अक्षर मला लागेना. तीस वर्षांत सहीखेरीज काही लिहिलं होतं कुठं? शेवटी वही सुनंदापुढं धरली. तिनं चष्मा पुसला, पान जवळ नेलं, लांब नेलं, आणि पहिल्यांदाच माझ्याकडं कौतुकानं बघितलं.

"अहो, लिपीपण शिकलासा व्हय कन्नडची?"